चेरीच्या बियांची उशी

मी एक जुनी उशी आहे, मित्रांनो. पण माझ्यावर डोकं ठेवून कुणी झोपत नाही. माझ्या पोटात कापूस नाही, चेरीच्या बिया आहेत. एका उन्हाळ्यात केक करताना हेडविगने त्या जमवल्या. अंगणात बसून तिच्या लहानग्या लेकीने, युट्टाने, थुंकलेल्याही त्यांत आहेत. हेडविगने त्या उकळल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या आणि जुन्या चादरीच्या तुकड्यात शिवल्या. खोली तापवणाऱ्या मोठ्या शेगडीच्या कोनाड्यात ठेवलं की मी तापते आणि अर्धा तास ऊब देते. कुणाचं पोट दुखो, कान दुखो, घरभर माझ्या नावाची हाक व्हायची.

गेल्या फेब्रुवारीत हेडविग गेली. हाका थांबल्या. मागे तिचा नवरा एगोन राहिला, शहात्तर वर्षांचा. जेवताना तो रेडिओ लावायचा, पण अगदी हळू. कुणी बोललंच तर ऐकू यावं म्हणून.

आमच्या गावात एक नोव्हेंबरला प्रत्येक घर आपापल्या माणसांच्या कबरी सजवतं. गुडघे टेकून रोपं लावायची असतात. एगोनचे गुडघे तर आखडलेले.

"माळ्याला सांग ना," शेजारची रोसविटा म्हणाली. "हल्ली बरेच जण सांगतात."

"चौपन्न वर्षं तिने माझे मोजे पलंगाखालून वाकून काढले. मला तिच्यासाठी तीन रोपं वाकून लावता येऊ नयेत?"

"मग मंगळवारी माझ्या व्यायामाच्या वर्गाला ये. पण बेताने हं!"

ऑगस्टमधल्या पहिल्याच मंगळवारी रोसविटाने त्याला दंडाला धरून घरी आणलं. "व्यायामाच्या हॉलमध्ये याचा तरुणपणीचा फोटो आहे, हातांवर उभा राहिलेला," ती रिकाम्या घरालाच सांगितल्यासारखं बोलली. "त्या फोटोसमोर या बाबाने तीस बैठका मारल्या! मी ओरडतेय, तर हा मोजतोय!"

त्याने मला कपाटातून काढलं, तापवलं, कमरेखाली घेतलं. कंबर जरा सैलावली. मग त्याने मला सुजलेल्या गुडघ्यावर ठेवलं. पुन्हा तापवलं, पुन्हा ठेवलं. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते. चार दिवस तो पडून होता. शनिवारी रिकाम्या खोलीला म्हणाला, "संपलं. माळ्यालाच सांगतो."

रविवारी युट्टाचा फोन आला.

"बाबा, शेजारून कळलं. गुडघा सुजलाय?"

"पावासारखा फुगलाय. उशी ठेवलीय गरम."

"गरम? अहो, सुजेवर आई ती गार करून ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात, मटारांशेजारी."

"मला कधी सांगितलं नाही तिने."

"सांगायची वेळच कुठे आली? तीच ठेवायची ना."

एगोनने मला गुडघ्यावरून बाजूला केलं आणि माळ्याचा विचार तिला सांगितला. मग युट्टा म्हणाली, "उद्या डॉक्टरांना दाखवा. आणि माळ्याला एवढ्यात सांगू नका."

डॉक्टर म्हणाले, मोडलंबिडलं काही नाही. पण पडून राहू नका. सूज उतरल्यावर एगोन खुर्चीला धरून रोज पाच वेळा उठू-बसू लागला. पाचच. सकाळी अर्धा तास मी त्याच्या कमरेखाली, मग त्याची फेरी: आधी पत्रपेटीपर्यंत, पुढे पुलापर्यंत. काही सकाळी कंबर मुळीच ऐकायची नाही. कुरकुर कुठली आणि कळ कुठली, हे तो ओळखायला शिकला. कुरकुर असली तर हळू चालायचा. कळ आली तर थांबायचा.

एक नोव्हेंबरला त्याने मला तापवून कोटाच्या आत घेतलं. दफनभूमीत माती ओली होती. त्याने मला कबरीशी ठेवलं, दगडाला धरलं आणि आधी एक गुडघा, मग दुसरा, असे माझ्यावर टेकवले. ओल माझी वैरी. भिजलेल्या बिया कुजतात. पण त्या दिवशी मी काही मनात आणलं नाही. त्याने तीन रोपं लावली, माती दाबली.

"हेडे," तो हळूच म्हणाला, "तुझी उशी ओली केली बघ. रागावू नकोस."

दोन ओळी पलीकडे रोसविटा झारी घेऊन उभी होती. तो उठेपर्यंत ती पुढे आली नाही. त्याला वेळ लागला. पण तो उठला.

आता मी शेगडीपाशी वाळते आहे. एक कोपरा काळवंडला आहे. किती टिकेन, ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्या घरात गरम कधी ठेवायचं आणि गार कधी, हे ज्या माणसाला ठाऊक आहे, त्याला आजच विचारून ठेवा. आणि कुणी कंबर धरून एकटं बसलं असेल, तर त्याच्यासाठी उठा. ऊब माझ्यात अर्धा तासच टिकते. मला स्वतःहून तापता येत नाही.