कडू काकड्यांचं वर्ष

गल्लीमागच्या पडीक जागेवर बारा घरं मिळून भाजी पिकवायची. खताचा खड्डा एकच, पाणी पाळीपाळीनं आणि बी मात्र मावशीकडे. मावशी म्हणजे घड्याळजींची बायको. बियांसाठी राखलेली प्रत्येक काकडी आधी तिच्या जिभेवरून जायची. कडू निघाली की थेट खड्ड्यात. वीस वर्षांत आपण एकही कडू काकडी पुढे जाऊ दिली नाही, हे ती सगळ्यांना वर्षातून चारदा तरी ऐकवायची.

यंदा मात्र बाराही वाफ्यांतल्या काकड्या कडू जहर निघाल्या.

खापर फुटलं फिटरच्या डोक्यावर. तो नवा, त्यात जरा आगाऊ. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही आणि खड्ड्यात दोन पोती राख ओतून मोकळा झाला होता. रविवारी सगळे खड्ड्याभोवती जमले.

"याचा वाफा काढून घ्या," मास्तर म्हणाले.

"राख चांगली असते असं वाटलं मला," फिटर एवढंच बोलला. त्याची बायको वाफ्यातल्या टोमॅटोंकडे बघत राहिली. नुकतीच फळं धरली होती.

एरवी मावशीच्या तोंडाला कुलूप म्हणून नसायचं. आज ती गप्प होती. गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. येईल परत, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. बी धरायच्या वेळी प्रत्येक फोड तोंडात टाकून, डोळे मिटून, ती "छान" म्हणत गेली. बियांचं काम गेलं तर आपल्याला कोण विचारणार, अशी तिला भीती वाटली होती.

फिटरच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला, तेव्हा मात्र मावशीला राहवेना.

"मास्तर, त्याला सोडा. मला चवच कळत नाही. सहा महिने झाले. मी नुसतीच मान डोलावत होते."

मग मागून घड्याळजी म्हणाले, "सहा नाही, आठ."

"तुम्हाला माहीत होतं?"

"भाजीत कधी दोनदा मीठ, कधी नाहीच. न कळायला काय झालं?"

"आणि मुकाट्यानं गिळलंत? अहो, तुम्ही बोलला असतात तर बारा घरांच्या काकड्या वाचल्या असत्या!"

"म्हटलं, तुला वाईट वाटेल."

"मग आता वाफा कुणाचा काढायचा?" मास्तरांनी विचारलं आणि स्वतःच तो विषय सोडून दिला.

मावशीच्या कपाटात तीन वर्षांपूर्वीच्या बियांची अर्धी बाटली होती. त्यातलं उगवेल तेवढं उगवणार होतं. चाखायचं काम मावशीनं फिटरच्या बायकोला दिलं आणि काकडी कापायची सुरीही तिच्या हातात ठेवली.

संध्याकाळी भाजी शिजत असताना घड्याळजी ओट्याशी आले. चमचाभर रस्सा फुंकून प्यायले.

"मीठ कमी आहे," ते चाचरत म्हणाले.

मावशीनं डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"मग घाला की," ती म्हणाली.