गाडी तापवून आणा

चूक माझीच. फोनवर मी एवढंच म्हणालो, "काका, गाडी तापवून आणा."

काका म्हणजे माझे होऊ घातलेले सासरे. होऊ घातलेले म्हणजे अजून "बघू"वर अडकलेले. टेलर आहेत. गळ्यात टेप, कानावर खडू. समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे नाही, खांद्यांकडे बघतात. माझी मावशी स्थळ घेऊन त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, मुलगा गाड्यांच्या धुराची तपासणी करतो. तर काका म्हणाले, "धूर मोजतो म्हणजे नेमकं काय करतो? कापड मोजलं तर हातात तरी येतं."

मावशी गडबडली. म्हणाली, "मशीन आहे ना त्याच्याकडे."

"मग मुलीचं लग्न मशीनशी लावू का?"

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. त्यांच्या गाडीची तपासणी करायचीच होती. ती माझ्याकडे आणणार, माझं काम डोळ्यांनी बघणार, मग काय ते हो-नाही सांगणार. म्हणजे माझं लग्न एका जुन्या पेट्रोल गाडीच्या धुरावर येऊन ठेपलं.

त्यात आणखी एक भानगड. काकांच्या हिशेबाने मी आणि त्यांची मुलगी एकदाच भेटलोय, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, सगळ्यांसमोर. खरं तर आमचं कधीचं जमलंय. मावशीला आम्हीच मध्ये घातलं. कारण काकांना आपापलं जमवलेलं अजिबात खपत नाही. त्यांच्या पुतण्याने जमवलं होतं. काकांनी त्याला लग्नाचा सूट शिवून दिला, फुकट दिला, पण एक बाही आखूड ठेवली.

तेव्हा आमचं ठरलेलं. चारचौघांत एकमेकांना तुम्ही म्हणायचं. फार ओळख दाखवायची नाही. तिने गाडीतलं काही कळतं असं तर बिलकुल दाखवायचं नाही.

तर त्या दिवशी मी आमच्या तपासणी केंद्राच्या दारात उभा. बघतो तर कोपऱ्यावरून गाडी येतेय. आवाज नाही काही नाही. मागून काकांच्या दुकानातले दोन कारागीर घामाघूम होऊन ढकलतायत. काका आत, स्टिअरिंग कापडाच्या तुकड्याने धरलेलं. आणि ती बाजूने चालत येतेय, चेहरा असा की आत्ता रडेल किंवा हसेल.

"बंद पडली का काका?"

"बंद कशाला पडेल? चालूच नाही केली." काका उतरले. चेहरा लालबुंद. "तू म्हणालास तापवून आणा. सकाळपासून उन्हात लावलीय, काचा लावून. हात लाव बॉनेटला. लाव, लाव!"

लावला. चटकाच बसला.

"आणि ढकलत का आणली?"

"धूर कमी यायला पाहिजे, असं तुझी मावशीच म्हणाली. चालूच केली नाही तर धूर येणार कुठून?"

आमच्या केंद्राचे मालक खुर्चीवरून पडायचे राहिले. तोंडावर रुमाल धरून आत गेले. ती काकांच्या पाठीमागून मला डोळ्यांनी सांगत होती, मला बोलता येत नव्हतं रे, मी काय करू?

आता काकांच्या मेहनतीला एकदम चूक कसं म्हणायचं? मी कामाला लागलो. वाकून सायलेन्सर बघितला, कुठे भोक नाही. इंजिनावरच्या नळ्या बघितल्या, ऑइलचं झाकण घट्ट आहे का बघितलं. काका माझ्या मानेवर श्वास सोडत मागे उभे. गाडी चालू केली. समोरच्या काट्यांत इंजिनाच्या तापमानाचा काटा पार तळाला. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये सरकवली. आकडे वर चढले ते खाली यायचं नावच घेईनात.

"काय म्हणतंय?"

"नापास म्हणतंय."

"नापास? माझी गाडी?" काकांनी मशीनकडे असं बघितलं, जणू त्याने त्यांच्या शिलाईला नावं ठेवलीयत. "आणि तू काय म्हणतोस?"

"गाडी चांगली आहे. गार आहे फक्त."

"गार!" त्यांनी कारागिरांना हाक मारली. "अरे इकडे या. ह्यांना दाखवा तुमचे हात. गाडी ढकलताना भाजलेत, आणि हे म्हणतायत गार!"

"काका, खाली एक डबा असतो, धूर साफ करणारा. तो तापला की मगच काम करतो. तो धुराने तापतो, उन्हाने नाही. इस्त्री उन्हात ठेवली तर चालेल का तुम्हाला?"

काकांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्यांवरून तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "मशीन म्हणतं नापास, तू म्हणतोस चांगली. तुमचं दोघांचंच जमत नाही. मी काय समजायचं? चल गं, जाऊ घरी."

गेलं. लग्न गेलं, असंच वाटलं मला.

"एक चक्कर मारू," मी म्हणालो. "इंजिन नीट तापवून आणू आणि परत लावू मशीन. तेव्हाही नापास झाली तर मीच मावशीला सांगतो, जाऊ नकोस त्यांच्याकडे."

हे मी का बोललो देव जाणे. तिने डोळेच मिटले.

निघालो. काका स्टिअरिंगवर, मी बाजूला, ती मागे. काका गाडी चालवतात म्हणजे रेशमी कापडाला टीप मारतात. गाडी हलली न हलली की टाक पुढचा गिअर. इंजिनाला कळतच नाही आपण चालू आहोत ते. काटा तळालाच झोपलेला.

"काका, जरा दाबा की."

"पेट्रोल काय तुझे वडील देतायत?"

आणि थोड्या वेळाने त्यांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंग इतकं तापलेलं की कापडातून तळवे भाजत होते. "तू घे," म्हणाले.

"मला चालत नाही काका. गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यावर आम्ही न्यायची नाही, मालकांचा नियम आहे."

"मग आता?"

मागून आवाज आला. "बाबा, सरका. मी घेते."

काका सरकले, आणि सरकल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "तुला येते?"

"येते थोडी."

मी मागे जाऊन बसलो. तिने हाताला रुमाल गुंडाळला, आरसा नीट केला, आणि गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्यावर गाडी अशी काढली की काकांनी वरची कडी धरली. इंजिन ओरडायला लागलं. काटा उठला. वर चढायला लागला! तेवढ्यात तिचा हात गिअरकडे गेला आणि माझ्या तोंडून गेलं,

"दुसऱ्यातच ठेव, चिमणे! पाय सोडू नकोस!"

चिमणी हे तिचं घरातलं नाव. घराबाहेर कुणाला माहीत नाही. पण धुराच्या धंद्यातल्या माणसाला चिमणीच मिळायची, असं ती मला कायम चिडवते, म्हणून ते माझ्या जिभेवर बसलेलं.

काका हळूच मागे वळले. "काय म्हणालास?"

"दुसरा गिअर..."

"त्याच्या पुढे."

"पाय सोडू नका."

"नका? मघाशी नकोस होतं."

इंजिन बोंबलतंय आणि काका आता तिच्याकडे वळले. मग काकांनी तिला विचारलं, "गाडी कोणी शिकवली तुला?"

"यांनी."

"कुठल्या गाडीवर?"

ती समोर बघत राहिली. "ह्याच. तुम्ही दुपारी झोपता तेव्हा."

आणि घाबरून तिने पाय उचलला. गाडी मंदावली. काकांनी काट्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "आता का हळू केलीस? तापू दे ना नीट!"

परत आलो. मशीनची नळी लावली. आकडे चढले, थांबले, मग उतरायला लागले आणि उतरतच राहिले. पास. मालकांनी कागद छापून दिला. काकांनी तो उलटसुलट बघितला, घडी करून खिशात घातला आणि मला बाजूला घेतलं.

"काम बघितलं तुझं, बाकीचंही कळलं. तुझी मावशी उद्या येतेय ना?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"येऊ दे. पण तुमचं आधीच जमलंय हे हिच्या आईला कळता कामा नये. हे स्थळ आपणच शोधलं असं ती घरोघर सांगून आलीय. तिचा चेहरा पडला तर तू तुझ्या घरी मजेत राहशील, मला त्याच घरात जेवायचंय. कळलं?"

"म्हणजे हो काका?"

"हळू बोल! आणि हिला तुम्ही म्हणायचं. म्हणून दाखव."

ती स्टिअरिंगवर बसली होती. मी खिडकीशी गेलो. "अहो, सावकाश न्या गाडी."

तिला इतकं हसू फुटलं की क्लच सुटला आणि गाडी गचकन बंद पडली.

"झालं!" काकांनी कपाळाला हात लावला. "अशी हसलीस आईसमोर तर संपलं सगळं. रोज भेटून सराव करा दोघं."

मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

"फोनवर," ते घाईने म्हणाले. "फोनवर करा."