एका दमाची सलामी

लालासाहेबांनी बोटाला थुंकी लावली आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचा लाल डाग पुसून पाहिला. डाग काही हलला नाही.

“आबा, पुसून जात नसतंय ते,” प्रांजल म्हणाली. “प्रोग्रॅमनं केलंय लाल.”

“का पण? मी काय घोडं मारलंय त्याचं?”

सोप्यात शेंगा फोडत बसलेल्या अंबूबाई नुसत्याच हसल्या. नवऱ्याला कुणी लाल शेरा मारलेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

प्रांजलला क्लॅरिनेट शिकवलं ते लालासाहेबांनीच, कडेगावच्या शाळेच्या बँडमध्ये. ते पलटणीच्या बँडातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पोरगी आता कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि आज गुरूचा खरडलेला कागद कॉम्प्युटरवर चढवून घेऊन आली होती. सूर लिहायचा एक प्रोग्रॅम असतो. लिहाल ते तो वाजवूनही दाखवतो. प्रोग्रॅम भलत्याच कुणाचा असला तरी त्याला आपलं काहीबाही जोडायची मुभा असते, आयत्या घराला एखाद्यानं पडवी काढून द्यावी तशी. प्रांजलनं तशी एक पडवी काढली होती. नाव ठेवलं होतं ‘दम’.

‘दम’चं काम एवढंच, की फुंकून वाजवायच्या वाद्याचं गाणं आलं की वाजवणाऱ्याला श्वास घ्यायला जागा कुठे आहे ते शोधायचं. तीस सेकंदांत जागा सापडली नाही, की तेवढा तुकडा लाल. एका शाळेतल्या मास्तरांनी कॉम्प्युटरवर ऐकून ऐकून लांबच लांब सूर लिहिले आणि ते वाजवताना दोन पोरी भोवळ येऊन मैदानात बसल्या, तेव्हा तिला हे सुचलं. कॉम्प्युटर दमत नाही. त्याला छातीच नसते.

अशी पडवी जोडायची तर ती प्रोग्रॅमवाल्यांकडे पाठवावी लागते, आणि तिचेही नियम असतात. सोबत एक नमुन्याचं गाणं द्यावं लागतं, वादकाच्या नावासकट. प्रांजलनं नमुना म्हणून निवडली होती लालासाहेबांची सलामी.

आता ही सलामी काय चीज होती ते तालुक्यात कुणालाही विचारावं. चौसष्ट बार, म्हणजे चालीचे चौसष्ट तुकडे, आणि मध्ये कुठेही दम नाही. पलटणीच्या मैदानावर जनरलसाहेबांच्या पुढ्यात लालासाहेबांनी ती एकट्यानं, एका दमात वाजवली होती. पहिल्या वर्षी ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा तीत जनरलसाहेबांनी फक्त पाठ थोपटली होती. पाचव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विसाव्या वर्षापर्यंत मैदानावरचा झेंडासुद्धा फडफडायचा थांबला होता. ऐकणाऱ्यांनी कधी खळखळ केली नाही, कारण गोष्ट चांगली होती आणि सांगणारा फुकट चहा पाजायचा.

“एकोणसत्तर सेकंद होतात, आबा,” प्रांजल म्हणाली. “तुम्ही तर वाजवलंय. म्हणजे माझंच गणित चुकलंय. तीन दिवस शोधतेय, चूक सापडत नाही.”

“मग?”

“पाच वाजेपर्यंत पाठवायचंय. तिसाच्या जागी सत्तर टाकते. लाल जाईल.”

“टाक की मग.”

“पण मग कुणाचंच लाल व्हायचं नाही. सगळ्यांचंच पास.”

अंबूबाईंनी शेंग फोडली. “मग त्येचा उपेग काय गं? पुन्यांदा पोरी पडायच्याच की मैदानात.”

प्रांजलनं आकड्यावर जाऊन तीस पुसलं, पण पुढचं लिहिलं नाही. लालासाहेबांना ती रिकामी चौकट बघवेना. एवढीशी पोर, वर्षभर खपून केलेलं आपल्याच हातानं मोडायला निघालीय, आणि तेही आपल्या शब्दाखातर.

तेवढ्यात तिलाच काहीतरी सुचलं. “आबा, सनईवाले गालात हवा धरून नाकानं दम घेतात, तसं करत होता का तुम्ही? तसं असेल तर त्या जागी खूण टाकता येते. तिसाला हात लावायची गरजच नाही.”

सुटका अशी चालत दारात आली होती. लालासाहेबांनी तिला पाट मांडला.

“व्हय, तसंच. गालात धरायची हवा. लय अवघड काम, येरागबाळ्याचं न्हवं ते.”

“कुठून धरायची?”

त्यांचं बोट विचार न करताच सतराव्या बारावर जाऊन टेकलं. प्रांजलनं तिथपासून शेवटपर्यंत खूण ओढली. लाल गेलं. पोरीचा चेहरा असा खुलला, की लालासाहेबांनी नजर अंबूबाईंच्या शेंगांकडे वळवली.

“आता ऐका,” म्हणत तिनं सलामी लावली.

लॅपटॉपमधून क्लॅरिनेट वाजू लागलं. लालासाहेबांनी डोळे मिटले. उजव्या गुडघ्यावर बोटं हलू लागली. सोळा बार मान डोलत होती. सतरावा आला आणि कपाळावर आठी पडली.

“थांब, थांब. हितं आवाज बदलाय पायजे.”

“बदलायला? वाजवणारा तर एकच आहे.”

“न्हाई गं, हितनं जरा जाड येतो. घोगरा. कोंडीबाच्या वाद्यातली रीडची पट्टी जाड हुती.”

बोलून गेल्यावर त्यांनी डोळे उघडले.

अंबूबाईंचा हात शेंगेवर थांबला होता. “कोण कोंडीबा?”

बाई लग्न होऊन आल्यापासून ही गोष्ट ऐकत होत्या. जनरल होता, झेंडा होता, एकदा तर एक हरणसुद्धा होतं. कोंडीबा कधीच नव्हता.

लालासाहेबांनी धोतराचा सोगा नीट केला, मग पुन्हा केला.

“आटपाडीकडचा. धनगराचा गडी. माझ्या मागं उभा असायचा बँडात.” ते पडद्याकडे बघून बोलत होते. “त्येंच्या ओवीत कसं, म्हननाऱ्याची वळ संपायच्या आत मागचा ती उचलतो. सांधा कळत न्हाई. त्यो म्हनला, लाला, आपन हितंबी तसंच करू. तुजा दम सरला की मी उचलतो. कुनाला कळायचं न्हाई.”

“आणि कळलं नाही,” प्रांजल हळूच म्हणाली.

“कुनालाच न्हाई.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “तुज्या ह्येला मातर कळलं बघ. बघितल्या बघितल्या. कसं गं?”

विचारताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या नव्या पोरानं अवघड चाल पहिल्या झटक्यात वाजवली की ते असंच विचारायचे.

प्रांजलनं खूण काढून टाकली. चौकटीत पुन्हा तीस लिहिलं. मग सलामीच्या ओळीखाली दुसरी ओळ काढली आणि विचारलं, “नाव?”

“कोंडीबा धुळा कोळेकर. नाईक. नीट लिव्ह.”

तिनं नीट लिहिलं. “सतरापासून त्यांचं. परत तुम्ही कुठे घेतलं?”

“तेहेतिसाव्याला घ्यायचं ठरल्यालं.”

“मग तेहेतीस टाकते.”

“नगं.” लालासाहेब खाकरले. “घेतलंच न्हाई मी. जनरल पुढ्यात, छातीत दम शिरंना. नुसती बोटं हालवीत हुतो. छप्पनपत्तूर त्येनंच वढलं. शेवटचे आठ तेवढे माजे.”

अंबूबाईंनी सूप बाजूला सारलं आणि जवळ येऊन बसल्या. त्या पडदा बघत होत्या.

प्रांजलनं सतरा ते छप्पन उचलून खालच्या ओळीवर ठेवलं. वरची ओळ स्वच्छ झाली. क्षणभरानं खालची ओळ लाल झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“त्रेचाळीस सेकंद,” ती म्हणाली. “आबा, म्हणजे चूक आहेच माझी. इतका वेळ कुणी वाजवूच शकत नाही.”

“चूक न्हाई.”

“मग तुमच्या सांगण्यात काहीतरी—”

“आज न्हाई.” त्यांनी चष्मा लावला, पुढे वाकले आणि लाल बार एकेक करून बोटानं मोजले. चाळीस भरले. पुन्हा मोजले, तरी चाळीसच. “तिसाला हात लावू नगंस. लाल हाय तसंच ऱ्हाऊ दे, तसंच पाठीव.”

“लोक विचारतील.”

“इचारू देत.”

तिनं पाठवायच्या बटणावर बोट नेलं, पण दाबलं नाही. तिला राहवेना.

“पण आबा, एवढ्या चाळीस बारांत त्यांनी दम घेतला कुठे?”

लालासाहेबांनी चष्मा काढून ठेवला.

“काय की,” ते म्हणाले. “मी पुढं उभा हुतो. माजी पाठ हुती त्येच्याकडं.”