रिकाम्या सुपाचा अपशकुन

मी सूप बोलतंय. हसू नका! फुलंब्रीच्या बुरुडानं मला विणलं, आणि द्वारकाच्या आईनं लेकीच्या रुखवतात मांडलं. द्वारकाबरोबर मीही चिकलठाण्यात नांदायला आलं.

तिचा नवरा रामकिसन कारखान्यात कामाला. चारचौघांत लई गोड, घरात मात्र हात उगारणारा. भाजीत मीठ कमी, मार. जास्त, तरी मार. भिंतीवर टांगल्या टांगल्या माझा जीव तीळतीळ तुटायचा, पण सूप करणार काय!

शेजारी दगडाबाई राहायची, शेळ्या पाळणारी म्हातारी. एकदा डाळ निवडताना तिला द्वारकाचा सुजलेला दंड दिसला.

"ओरडायचं ना, पोरी!"

"तोंड दाबतो, मावशी. दार लावून मारतो."

म्हातारीनं इकडंतिकडं पाहिलं, अन् नजर माझ्यावर थांबली.

"रिकामं सूप कुणी पाखडत नाय. अपशकुन व्हतो. तू पाखड. दाण्याचं सूप सळसळतं, रिकामं नुसतं फटफटतं, मला लगेच कळंल. आख्खी गल्ली घेऊन येते बघ."

द्वारकाच्या लहानग्या लेकीचे कपडे, रेशनकार्ड, गाडीभाडं असं गाठोडं दगडाबाईच्या चाऱ्यामागं जाऊन बसलं. बिडकीनला भावालाही निरोप गेला.

एका रविवारी रामकिसन भरदुपारी पिऊन आला, कडी लावली आणि शिव्या सुरू. द्वारकानं मला उचललं. फट्, फट्, फट्!

"काय करती गं?"

"ज्वारी पाखडते."

जन्मात कधी सुपात डोकावला असता, तर दिसलं असतं त्याला. आत एक दाणा नव्हता!

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा.

"रामकिसन, दार उघड! नायतर मुसळानं उघडू!"

दगडाबाईमागं गल्लीतल्या बाया उभ्या होत्या. कुणाच्या हातात मुसळ, कुणाच्या हातात लाटणं. गड्याची बोबडीच वळली. कडी त्यानंच काढली. द्वारका लेकीला काखेत घेऊन, मला हातात धरून, त्याच्या डोळ्यांदेखत बाहेर पडली. संध्याकाळच्या आत आम्ही बिडकीनला भावाच्या घरी होतो. काय सांगू, अंगातली काडी अन् काडी फुलून आली होती माझी!

आता द्वारका शेवया-पापड करून विकते, लेक शाळेत जाते. माझ्या कडा उसवल्यात, चिंध्यांनी बांधल्यात, तरी मला ती टाकत नाही. गल्लीत नवी सून आली की तिला बोलावते आणि माझे दोन्ही आवाज ऐकवते.

बायांनो, शेजारी रिकामं सूप वाजलं तर कानाडोळा करू नका. धावत जा. रिकामं सूप पाखडलं की घर ओस पडतं म्हणतात. पडलं की! रामकिसनचं.