पानावर ठेवलेला हात

मित्रांनो, आज मी माझी जीवनकथा आपणांपुढे सादर करण्याचे योजिले आहे. तीत वाऱ्याचा भाग थोडा असून वाचनाचा अधिक आहे. विद्या कागदावरून लवकर येते की पडद्यावरून, यावर थोर माणसे वाद घालतात. त्या वादात पडण्याइतकी माझी योग्यता नाही. मी जे पाहिले-ऐकले तेवढेच निवेदन करीन.

मी एक जुना टेबलपंखा आहे. माझी मान अखंड डावीउजवीकडे फिरत असते. त्यामुळे एका जागी दृष्टी ठरणे माझ्या नशिबी नाही. खोलीच्या एका टोकाला काही घडू लागावे आणि नेमकी तेव्हाच माझी मान दुसरीकडे वळावी, ही माझी जन्माची तगमग आहे.

कारखान्यात एका बाईंनी माझी पाती बसवली, बोटाने एकदा फिरवून पाहिली आणि "चालेल" म्हणाल्या. ती माझी पहिली स्तुती होय. पुढे तारुण्याची वर्षे एका वाचनालयात गेली. माझ्या भयाने तिथे प्रत्येक वर्तमानपत्रावर दगड ठेवीत. मी चालू असलो की लोक कुरकुरत, बंद पडलो की अधिक कुरकुरत. कालांतराने लोक घरीच मोबाईलवर वाचू लागले. खुर्च्या ओस पडल्या, वाचनालयाला कुलूप लागले आणि मी भंगारात निघालो. तेथून मला एका सद्गृहस्थाने उचलले.

हे गृहस्थ एका धुलाईच्या कारखान्यात बॉयलरवर मदतनीस होते. मुख्य बॉयलरवाले निवृत्त व्हायचे होते. त्यांची जागा मिळण्यासाठी तोंडी परीक्षा देऊन सरकारी दाखला घेणे आवश्यक होते. मागल्या खेपेस ते नापास झाले होते आणि मालकांनी स्पष्ट बजावले होते की, या वेळी दाखला नसेल तर बाहेरचा माणूस आणू. त्या माणसाच्या हाताखाली पुन्हा मदतनीस म्हणून उभे राहण्याची कल्पनाही त्यांना सोसत नसे.

भाच्याने अभ्यासाचे पुस्तक मोबाईलवर पाठवले होते. गृहस्थ बाकावर, बसमध्ये, जेवताना अंगठ्याने ते वर सरकवीत. वीज गेली की मी मुका होई आणि तो पडदा मात्र ऐटीत उजळून राही. मला त्याचा मत्सर वाटे, हे खोटे कशाला बोलू? त्यांच्या पत्नी शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणत, "अहो, अंगठा झिजेल, पण डोक्यात काही उतरायचं नाही."

"सगळं वाचून झालंय, शेवटपर्यंत," ते एके दिवशी म्हणाले.

त्यांची शाळकरी लेक कोपऱ्यात तिच्या मोबाईलवर अभ्यास करीत होती. तिने लगेच परीक्षकाचा आव आणला. "मग सांगा बाबा, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं. पहिलं काय कराल?"

"पाणी सोडीन."

तिने मोबाईलवर शोधून पाहिले. "तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी? गेला तुमचा बॉयलर. आणि तुम्हीपण."

गृहस्थांनी एकूण एक ओळ वाचली होती. मात्र कोणती आधी आणि कोणती नंतर, याचा डोक्यात काला झाला होता.

दुसऱ्याच दिवशी पत्नीने ते पुस्तक दुकानातून कागदावर छापून आणले. सुट्या पानांवर आकडे नव्हते आणि ती बांधायचीही राहिली होती. गृहस्थांनी ती जमिनीवर ओळीने मांडली. इतक्यात लेक घामाघूम होऊन बाहेरून आली आणि तिने माझे तिसरे बटण दाबले. माझी मान फिरली तशी पाने पलंगाखाली, शिवणयंत्राखाली, मोरीपर्यंत उडाली.

लेकीवर रागावणे त्यांना जमेना. त्यांनी माझे तोंड भिंतीकडे केले.

"बाबा, मी मोबाईलवर बघून लावून देते," ती ओशाळून म्हणाली.

"नको. कुठलं आधी ते मलाच कळलं पाहिजे."

मित्रांनो, त्यापुढचे दिवस मी केवळ भिंत पाहिली. पाठीमागे कागद सळसळत आणि ते पुटपुटत, "हे इथं कसं येईल? आग चालू असताना झडप कशी उघडेल? आधी ते पान." माझी मान आशेने डावीकडे जाई, उजवीकडे जाई, आणि तोच चुना पुढे येई. एकदा नळीचे चित्र कागदावर काळेकुट्ट आले म्हणून त्यांनी लेकीकडून तेवढे पडद्यावर मोठे करून पाहिले, हेही सांगणे न्यायाचे आहे.

परीक्षेच्या दिवशी घरात शिवणयंत्रही चालले नाही. सायंकाळी दार वाजले. मी भिंतीकडे पाहत तळमळत होतो.

"तोच प्रश्न आला," गृहस्थ म्हणाले. "मी म्हटलं, आधी आग बंद. मग पुढचं. बोलताना माझे हात हवेत पानं उचलत होते. साहेबांनी विचारलं, हे काय करताय? म्हटलं, साहेब, ते पान पलंगाखाली सापडलं होतं."

"मग?" पत्नीने विचारले.

"मग काय, दाखला देतो म्हणाले."

पत्नी मोठ्याने हसल्या, मग पदराने डोळे पुसू लागल्या. गृहस्थांनी मला उचलून खोलीकडे वळवले आणि माझ्या पात्यांवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. मी चालू झालो. माझी मान कोपऱ्याकडे गेली. लेकीने मोबाईल बाजूला ठेवून दप्तरातले पुस्तक उघडले होते. माझा वारा येताच तिने पानावर तळहात ठेवला आणि हात न काढता वाचत राहिली.

मित्रांनो, पडदा अवश्य पाहा, त्याचेही उपकार आहेत. परंतु जे प्रसंगी आठवलेच पाहिजे, ते हाताखाली धरून वाचा. आणि आमच्यासारख्या जुन्यांची धूळ अधूनमधून पुसत जा. आपण ही कथा शांतपणे ऐकून घेतलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
कोपऱ्यातला जुना टेबलपंखा