नेपाळचं गाऱ्हाणं

नागरिकशास्त्र हा विषय मी कणकवलीच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवला आणि निवृत्त झाल्यावर गावाला शिकवायला घेतला. गावाने मागितला नव्हता. गुरुदासच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून मी रोज सकाळी जगाचा कारभार पाहतो आणि गुरुदास मान डोलावत गिऱ्हाइकांना साखर बांधून देतो. गेल्या वर्षी मी नेपाळ घेतला होता. मार्चात तिथे राजेशाहीवाल्यांचे मोर्चे निघाले, एप्रिलात शिक्षक रस्त्यावर आले. सप्टेंबरात सरकारने समाजमाध्यमं बंद केली तशी तरुण पोरं उठली, गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि सरकारी इमारती पेटल्या.

"मी काय म्हणत होतंय?" ही बातमी आली त्या सकाळी मी बाक थोपटून विचारलं. मी असलं काहीच म्हणत नव्हतो. पण गुरुदासने मान डोलावली.

आता गंमत अशी की माझ्या आंब्याच्या बागेत बारा महिने राहणारी टेकराज आणि त्याची बायको मनमाया ही दोघं नेपाळचीच. चौदा वर्षं झाली त्यांना इथे येऊन. त्यांना नेपाळबद्दल काही विचारावं, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांना मी फवारणीबद्दल विचारायचो.

त्याच दुपारी मनमाया आमच्या पडवीत येऊन बसली आणि रडायला लागली. तिची मुलगी काठमांडूत नर्सिंग शिकते. आदल्या दिवसापासून तिचा फोन बंद होता.

"अवो, गाऱ्हाणा घालूया," माझी बायको सुगंधा म्हणाली.

आमच्याकडे कुणावर वेळ आली की ग्रामदेव रवळनाथापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे काम बाबू गावकराचं. पण गणपती झाल्यावर तो लेकाबरोबर मुंबईला गेला होता. "मी घालतंय," मी लगेच म्हटलं. खरं सांगायचं तर या संधीची मी कैक वर्षं वाट बघत होतो. बाबू सातवी नापास, त्याच्या बोलण्याला ना शेंडा ना बुडखा.

संध्याकाळी देवळात नऊ-दहा माणसं जमली. मी धुतलेला सदरा घालून उभा राहिलो.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नेपाळ देशावर जा संकट इलाहा, ता तुझ्या कानार घालूक आमी उभे आसंव!"

"व्हय म्हाराजा!"

"पण ह्या संकटाचा मूळ समजूक होया, तर मार्च म्हयन्यापासून सुरुवात करूक होयी!"

इथे साथ जरा उशिरा आली, पण आली. मग मी देवाला मार्च सांगितला. एप्रिल सांगितला. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा मूलभूत हक्क आहे, म्हटलं, व्हय म्हाराजा. पण हक्कांबरोबर कर्तव्यांचीही जाणीव हवी, म्हटलं, व्हय म्हाराजा. एकतीस वर्षांत वर्गात मला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मला चेव चढला. सुगंधा डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, कौतुकाने बघतेय. शेवटी अंतरिम सरकार लवकर येऊ दे आणि निवडणुका सहा महिन्यांच्या आत होऊ देत, अशी देवाला मुदत घालून मी नारळ फोडला.

"मास्तर, आज देवाक सगळा समाजला," खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत गुरुदास म्हणाला. माणसं पांगली.

मनमाया खांबाजवळ हात जोडून तशीच उभी होती. "मास्तरांनू," ती हळूच म्हणाली, "माज्या चेडवाचा नाव कधी इला? तेवाच व्हय म्हणूचा म्हणून मी थांबललंय."

म्हणजे अर्धा तास ती एकदाही 'व्हय' म्हणाली नव्हती. मी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर होतो आणि ही बाई तेवढा वेळ एका नावासाठी कान देऊन उभी होती. विसरलो म्हणायचीही सोय नव्हती, कारण मला ते नाव माहीतच नव्हतं. मुलगी चौथीपर्यंत इथल्या शाळेत होती, आमच्या खळ्यात खेळायची, मग नेपाळात आजीकडे गेली. मी तिला 'गो चेडवा' म्हणायचो. नेपाळचे मंत्री मात्र मला खात्यांसकट पाठ होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय नाव गो तिचा?"

"अस्मिता."

दुसरा नारळ आणलेला नव्हता. सुगंधाने मला हाताने बाजूला सारलं. "मनमाया, तूच सांग गो देवाक."

मनमाया पुढे झाली. "देवा, माजी अस्मिता," ती म्हणाली. "ती माका होयी." संपलं गाऱ्हाणं.

"व्हय म्हाराजा," टेकराज, सुगंधा आणि मी म्हणालो. त्यात माझा आवाज सगळ्यांत बारीक होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास टेकराज आणि मनमाया बागेतून धावत आली. फोनवर अस्मिता होती. जखमी इतके येत होते की शिकणाऱ्या मुलींनाही वॉर्डात उभं केलं होतं, आणि तिचा फोन त्या धांदलीत हरवला होता. हा फोन एका डॉक्टरचा होता. मनमायाचं रडून, हसून, पुन्हा रडून झालं, तेव्हा तिने फोन माझ्यापुढे धरला. "मास्तरांनू, बोला."

काठमांडूतली, डोळ्यांनी सगळं पाहिलेली मुलगी! माझ्याकडे निदान वीस प्रश्न तयार होते. संसद, लष्कर, संचारबंदी. गुरुदासच्या बाकावर मला दिवाळीपर्यंत पुरले असते. मी घसा खाकरला.

"अस्मिता," मी म्हटलं. "जेवलंस काय गो?"

पलीकडे वॉर्डातला गलका चालू होता. त्यातून चोख मालवणीत ती म्हणाली, "नाय वो मास्तर. हंय दोन दिस कोणच जेवक नाय."