तिसऱ्या सकाळची दारू

“ढकला रे, ढकला,” तोकुजी ओरडत होता आणि आम्ही चाळीस जण लाकडी रथ पुढे रेटत होतो. समोर खालच्या आळीचा रथ. दोन्ही भिडले तेव्हा वाशाची ढलपी उडून एकाच्या गालात घुसली. तो बाजूला झाला, त्याच्या जागी दुसरा आला.

आमच्या कामिउरा गावात पूर्वी एका रथाला शंभर माणसं असायची. आता पोरं शहरात गेली, निम्मी दुकानं बंद. उरलेले आम्ही साठीचे म्हातारे वर्षभर माकुळ मासे वाळवतो आणि जत्रेचे दोन दिवस एकमेकांची हाडं मोडतो. खुमखुमी काही जात नाही.

जत्रेत कुणी मेलं किंवा जायबंदी झालं तरी मनात डूख धरायचा नाही. ज्याच्या हातून घडलं त्यानं तिसऱ्या सकाळी दारूची बाटली घेऊन त्यांच्याकडे जायचं, दोघांनी एकाच पेल्यातून प्यायची. का, कसं, हे विचारायचं नाही.

गेल्या वर्षी जत्रेपुरता शहरातून आलेला तोकुजीचा मुलगा शोहेई दोन रथांमध्ये चिरडून मेला. शिट्टी वाजली की ढकलणं थांबतं. खालच्या आळीची शिट्टी इवाओकडे होती आणि ती उशिरा वाजली. इवाओ बर्फाच्या कारखान्यात वीस वर्षं तोकुजीच्या शेजारी लाद्या फोडणारा. तो बाटली घेऊन आला, तोकुजी प्यायला. तोकुजीची बायको सुमिए भिंतीकडे तोंड करून बसली होती. “तुम्ही प्यायलात,” ती नंतर म्हणाली, “मी नाही.”

यंदा आमची शिट्टी तोकुजीकडे होती. इवाओ घसरला आणि त्याचा उजवा हात आमच्या रथात आणि मासळी बाजाराच्या भिंतीत सापडला. मी तोकुजीकडे पाहिलं. शिट्टी ओठांत होती, पण तो फुंकत नव्हता. मागच्यांना काय दिसणार, ते रेटतच राहिले. मीही रेटत राहिलो. हाड फुटल्याचा आवाज आला, मग शिट्टी वाजली.

तिसऱ्या सकाळी साक्षीदार म्हणून मी इस्पितळात गेलो. इवाओचा हात कोपरापासून काढला होता, दुसऱ्यात सलाईन. तोकुजीनंच पेला त्याच्या तोंडाशी धरला.

“उशिरा वाजवलीस,” इवाओ म्हणाला.

“हो.”

“मुद्दाम?”

विचारून इवाओनं नियम मोडला होता. तोकुजीला गप्प बसता आलं असतं. “हो,” तो म्हणाला.

इवाओनं घोट घेतला. “गेल्या वर्षी वाशानं माझे दोन दात पाडले होते. तोंडात रक्त भरलेलं. फुंकत होतो, पण वाजेना.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

मला त्या नियमाची, आमची सगळ्यांचीच चीड आली. तोकुजीच्या हातातला पेला कलला, दारू चादरीवर सांडली.

“पी आता,” इवाओ म्हणाला. “माझी बायको बाहेर उभी आहे. तिला घरी जायचंय.”

तोकुजीनं पेला तोंडाला लावला. घोट त्यानं तोंडातच धरला.